किती मुलं बारीक झाली? लठ्ठपणाच्या योजना आणि त्यांच्या यशाचे आकडे

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. साखर किती घालायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

सध्या शाळांमधून साखरेचे फलक लागताहेत. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. कोणत्या थंड पेयात किती चमचे साखर, ते मुलांना भिंतीवर दिसावं म्हणून. त्याआधी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी लठ्ठपणावर बोलताना घरातलं तेल १० टक्के कमी करा असं आवाहन केलं, आणि ते शाळेच्या आहारापर्यंतही पोचलं. उद्देशाबद्दल कुणाचं भांडण नाही. पण यापुढची पायरी आम्हा पत्रकारांना पाठ आहे. वर्ष-दोन वर्षांनी एखादं खातं, एखादी नगरपालिका किंवा एखादी संस्था प्रेसनोट काढणार: 'उपक्रमामुळे बालकांच्या लठ्ठपणात अमुक टक्के घट'. आम्ही छापणार, तुम्ही फॉरवर्ड करणार.

ती प्रेसनोट यायच्या आधी थोडा इतिहास वाचू. जगात हे सगळं ३०-३५ वर्षं चाललंय. योजना आल्या, गाजल्या, गुंडाळल्या. आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी भांडण एकाच गोष्टीवर झालं: यश मोजायचं कशानं?

सिंगापूरपासून सुरू करू, कारण या विषयातलं सगळ्यात गाजलेलं यश तिथलं. १९९२ साली पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी देशभर निरोगी जीवनशैलीची मोहीम काढली. त्याच वर्षी शाळांमध्ये 'ट्रिम अँड फिट' कार्यक्रम आला. थोडक्यात नाव टॅफ. पद्धत सरळ होती. सगळ्या मुलांची उंची-वजनं घ्यायची. उंचीच्या मानाने जेवढं वजन हवं, त्याच्या १२० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं की ते मूल जाड. अशा मुलांना वेगळं काढायचं आणि शाळा भरण्याआधी किंवा मधल्या सुट्टीत त्यांच्याकडून जादा व्यायाम करून घ्यायचा. कँटीनमधलं तळलेलं, गोडधोड कमी करायचं. इथपर्यंत ठीक. पण त्यावर एक गोष्ट जोडली होती: शाळेत जाड मुलं किती टक्के आणि शारीरिक चाचणीत पास किती, यावर शाळेला बक्षीस.

आता विचार करा. मुख्याध्यापकांच्या नावापुढे एक आकडा लागला. तो आकडा खाली आणायचा म्हणजे पाचवी-सहावीतल्या काही ठरावीक पोरांची वजनं खाली आणायची. बाकीची पोरं सावलीत डबा खाताहेत, आणि ही मैदानाला फेऱ्या मारताहेत. का मारताहेत ते सगळ्या शाळेला ठाऊक. टॅफ उलटं वाचलं की फॅट होतं, हे शोधायला सिंगापूरच्या मुलांना फार वेळ लागला नाही.

आकडे मात्र खाली आले. २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ते प्रसिद्ध झाले. १९९२ ते २००० या काळात ११-१२ वर्षांच्या मुलांत लठ्ठपणा १६.६ टक्क्यांवरून १४.६ वर आला, १५-१६ वर्षांच्यांत १५.५ वरून १३.१ वर. पुढे २००६ पर्यंत एकूण प्रमाण ९.५ टक्क्यांवर आलं. बाकीच्या जगात हाच आकडा वर चढत असताना एका देशाने तो खाली आणून दाखवला. दुनियाभरची शिष्टमंडळं बघायला येऊ लागली तर नवल नाही.

इथे जरा थांबून एक गणित बघू, कारण ते पुढे सारखं लागणार आहे. १६.६ चे १४.६ झाले, ही घट किती? शंभर मुलांमागे दोन मुलं. पण १६.६ मधले दोन म्हणजे साधारण १२ टक्के. 'दोन टक्क्यांनी घट' आणि 'बारा टक्के घट', दोन्ही वाक्यं एकाच घटनेची, आणि दोन्ही खरी. प्रेसनोटमध्ये कोणतं येतं ते मी सांगायला नको.

मग हे यश गेलं कुठे? २००७ मध्ये सिंगापूरने टॅफ बंद केला. सरकारने स्वतःहून. त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत तिथे खाण्याच्या विकारांची चर्चा वाढली होती, म्हणजे मुली जेवणंच सोडतात, आरशात स्वतःला जाड बघतात, हाडं दिसायला लागली तरी. २००५ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी १९९४ ते २००२ या काळातल्या अशा १२६ रुग्णांचा अभ्यास मांडला. टॅफमुळेच हे झालं असं म्हणता येणार नाही. पण शाळेतली चिडवाचिडवी आणि वेगळं काढणं यांचा संबंध लोकांच्या डोक्यात बसला होता. नवीन कार्यक्रम आला तो सगळ्या मुलांसाठी, जाड-बारीक भेद न करता.

माझ्या मते यातली महत्त्वाची गोष्ट अशी: टॅफच्या १५ वर्षांत जे मोजलं गेलं ते कमी झालं. जे मोजलंच नव्हतं त्याचं काय झालं, हे सांगायला आकडाच नव्हता. वजनाचा रकाना होता. मूल मधल्या सुट्टीत जेवलं का, हा रकाना नव्हता. नंतर २०१३ ते २०१७ मध्ये तिथल्या शाळांत जादा वजनाचं प्रमाण ११ वरून १३ टक्क्यांवर गेलं. पण मधल्या काळात मोजायची रीतही बदललेली, त्यामुळे ९.५ शी थेट तुलना करू नका. आणि हे असंच असतं. रीत बदलली की जुना आकडा जुन्या नाण्यासारखा. खरा असतो, पण चालत नाही.

रीतीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. आज ज्याला आपण बीएमआय म्हणतो तो मुळात डॉक्टरांचा नाही. अॅडॉल्फ केटले नावाच्या बेल्जियमच्या गणितज्ञाने १८३० च्या दशकात माणसांची उंची-वजनं जमवून पाहिली, आणि वजन हे साधारण उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढतं असं मांडलं. त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते बघायचं होतं. कुणाला बारीक करायचं नव्हतं. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं ते तसंच पडून राहिलं. १९७२ मध्ये अमेरिकेच्या अॅन्सेल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, तेही मोठ्या माणसांच्या अभ्यासासाठी.

मुलांचं त्यात भलतंच होतं. मूल वाढत असतं. वर्षाच्या आतबाहेर बाळसं धरतं, मग पाच-सहा वर्षांपर्यंत लांबतं आणि सडपातळ होतं, मग पुन्हा भरतं. म्हणून मुलांसाठी वयवार तक्ते लागतात. आणि तक्ता म्हटला की प्रश्न आला: कोणत्या मुलांचा, कोणत्या सालचा? इंग्लंड आजही १९९० च्या तक्त्यावर मोजतं. त्या तक्त्यातल्या वरच्या ५ टक्क्यांत जो बसेल तो लठ्ठ. म्हणजे व्याख्येनेच १९९० मध्ये १०० पैकी ५ मुलं लठ्ठ होती, ना कमी ना जास्त. २००० साली टिम कोल आणि सहकाऱ्यांनी सहा देशांची मुलं घेऊन आंतरराष्ट्रीय रेषा आखल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ५ ते १९ वयासाठी स्वतःचे तक्ते काढले. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएपीने, २०१५ मध्ये सुधारित तक्ते दिले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर पुढे होते. त्यात रेषा मुद्दाम खाली ओढली आहे. मोठेपणीच्या २५ आणि ३० ऐवजी २३ आणि २७ ला जुळणारी. एकच पोरगा एका तक्त्यावर 'ठीक', दुसऱ्यावर 'जादा वजन'. पोरगा तोच, त्याचा डबाही तोच.

म्हणून कुणी टक्केवारी फेकली की पहिला प्रश्न, तक्ता कोणता? हा प्रश्न विचारला की समोरचा अधिकारी फाइल उघडतो तरी, नाहीतर विषय तरी बदलतो. दोन्हींतून माहिती मिळते.

आता अमेरिका. हा किस्सा मला फार आवडतो, कारण यात कुणीच खोटं बोललेलं नाही.

फेब्रुवारी २०१० मध्ये मिशेल ओबामांनी 'लेट्स मूव्ह' ही मोहीम काढली. ध्येय ठरलं, २०३० पर्यंत मुलांमधला लठ्ठपणा ५ टक्क्यांवर आणायचा. चार वर्षांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, सीडीसी या सरकारी संस्थेची प्रेसनोट आली: २ ते ५ वर्षांच्या मुलांत लठ्ठपणा ४३ टक्क्यांनी घटला! वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर. मोहिमेचं कौतुकच कौतुक.

ज्या शोधनिबंधावर ती प्रेसनोट उभी होती त्यात काय होतं? २००३-०४ मध्ये १३.९ टक्के, २०११-१२ मध्ये ८.४ टक्के. कॅल्क्युलेटर घ्या. घट येते साधारण ४० टक्के. मग ४३ कुठून आले? १३.९ चे १४ केले, ८.४ चे ८ केले, आणि मग भागाकार केला. पूर्णांकात गोल करताना तीन टक्के यश वाढलं. ही झाली किरकोळ गंमत. खरी गोष्ट पुढे आहे.

हा आकडा ज्या पाहणीतून येतो तिच्यात दर दोन वर्षांनी देशभरातली साधारण नऊ हजार माणसं मोजतात, सगळ्या वयांची मिळून. त्यातली २ ते ५ वर्षांची पोरं हजाराच्याही आत. एवढ्या थोड्या मुलांत टक्केवारी एका फेरीत वर, एका फेरीत खाली उडणारच. २००९-१० मध्ये ती १२.१ होती, दोनच वर्षांत ८.४. देशातल्या छोट्या मुलांनी दोन वर्षांत असं काय खायचं सोडलं? शिवाय त्याच निबंधाचा निष्कर्ष असा होता, की २ ते १९ वयाची सगळी मुलं धरली तर २००३-०४ पासून लठ्ठपणात लक्षणीय बदल नाही. प्रमाण साधारण १७ टक्के, तिथल्या तिथे. हे निबंधाच्या सारांशातच लिहिलेलं होतं. मथळ्यात मात्र ४३.

पुढच्या फेऱ्या बघा. २०१३-१४ मध्ये ९.४. आणि २०१५-१६ मध्ये? १३.९. दशांश चिन्हासकट तोच आकडा, जिथून सुरुवात झाली होती. त्याची बातमी झाली, पण आतल्या पानावर.

घट खोटी होती असं मी म्हणत नाही. अमेरिकेत गरीब कुटुंबांतल्या छोट्या मुलांसाठी पोषणाची जी सरकारी योजना आहे तिच्या नोंदींत २०१० नंतर थोडी घट दिसली होती, आणि तिथे लाखो मुलं मोजली जातात. पण ती घट ४३ टक्क्यांच्या जवळपासचीही नव्हती. लहान नमुन्यातला उडालेला आकडा पकडून त्याला योजनेचं नाव लावलं की असं होतं. आपल्याकडे एका शाळेत ६० मुलं असतात. त्यात तीन मुलं बदली होऊन गेली तर लठ्ठपणा ५ टक्क्यांनी घटू शकतो. एसटी स्टँडवरच्या वडापावचा त्यात काही दोष नाही आणि योजनेचं काही श्रेय नाही.

अमेरिकेतलंच दुसरं एक उदाहरण पटकन सांगतो. अर्कान्सा राज्याने २००३ मध्ये कायदा करून प्रत्येक शाळकरी मुलाचा बीएमआय मोजायचा आणि अहवाल घरी पाठवायचा असं ठरवलं. गव्हर्नर माइक हकाबी होते, त्यांनी स्वतः त्या काळात बरंच वजन उतरवलं होतं. पहिल्या काही वर्षांत जादा वजनाचं आणि लठ्ठ मुलांचं मिळून प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास थांबलं. 'वाढ रोखली' म्हणून ते यश ठरलं. कदाचित असेलही. पण पत्रामुळे रोखली का? २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ७९ शाळांमधल्या जवळपास २९ हजार मुलांच्या अभ्यासाचा निकाल आला. चिठ्ठ्या टाकून शाळांचे गट पाडले होते. काहींच्या पालकांना पत्र गेलं, काहींच्या नाही. पत्राने वजनात काही फरक पडला नाही. शाळेत वजन घेतल्याने मुलांची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी मात्र वाढली.

चिठ्ठ्या टाकून केलेले असे अभ्यास बरेच झालेत आणि बऱ्याचदा निकाल उदास करणारे आहेत. अमेरिकेतल्या आदिवासी वस्त्यांमधल्या ४१ शाळा आणि १,७०४ मुलं घेऊन १९९० च्या दशकात 'पाथवेज' नावाचा कार्यक्रम तीन वर्षं चालवला. अभ्यासक्रम, शाळेचं जेवण, व्यायाम, पालकांचा सहभाग, काही म्हणजे काही सोडलं नाही. निकाल २००३ मध्ये आला. शाळेच्या जेवणातली चरबी कमी झाली. मुलांचं ज्ञान वाढलं. शरीरातली चरबी तेवढीच. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या भागात ५४ शाळांत असंच केलं, निकाल २०१८ मध्ये आला, वजनात म्हणण्यासारखा फरक नाही.

याचा अर्थ कार्यक्रम वाया गेले? इथे माझं मत थोडं वेगळं आहे. पाथवेजने जेवण सुधारलं, ते मोजलं, आणि वजन घटलं नाही हेही लपवलं नाही. याला मी प्रामाणिक काम म्हणतो. आपल्याकडे शिबिरं किती घेतली, पत्रकं किती वाटली, शपथा किती जणांनी घेतल्या, याला फलनिष्पत्ती म्हणतात. सरकारी भाषेत हा शब्द फार आवडीचा आहे. शपथ घेतल्याने वजन उतरतं असं अजून तरी कुठे सिद्ध झालेलं नाही.

युरोपात फ्रान्सच्या उत्तरेला फ्लेर्बे आणि लावांती ही दोन छोटी गावं आहेत, आपल्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. १९९२ पासून तिथे शाळेत पोषणाचं शिक्षण, मग हळूहळू डॉक्टर, दुकानदार, नगरपालिका, सगळेच उतरले. २००४ मध्ये तिथे जादा वजनाची मुलं ८.८ टक्के निघाली, शेजारच्या तुलनेच्या गावांत १७.८. निम्म्याने कमी! यावरून मोठी चळवळ उभी राहिली, बऱ्याच देशांत गेली, खाद्यपदार्थ कंपन्यांचे पैसेही तिच्यात आले. फक्त एक अडचण. तुलनेची गावं शेवटी, २००४ मध्येच मोजली होती. १९९२ मध्ये ती कुठे होती हे माहीतच नाही. शर्यतीत दुसरा धावपटू कुठून पळत सुटला ते न पाहता पहिल्याला जिंकला म्हणायचं, असा हा प्रकार.

मोजमापाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इंग्लंडबद्दल, आणि राजकारणाच्या बाबतीत सगळ्यात जास्त हसू येतं तेही त्यांचंच.

२००५-०६ पासून तिथे दर वर्षी सरकारी शाळांतल्या ४-५ आणि १०-११ वर्षांच्या सगळ्या मुलांची उंची-वजनं घेतात. पहिल्या वर्षी निम्मीच मुलं आली. त्यात जाड मुलांचे पालक जास्त नकार देतात हे लक्षात आलं, म्हणजे आकडा मुळातच कमी दिसत होता. मग हजेरी वाढवली. आता वर्षाला दहा लाखांवर मुलं मोजली जातात. नमुना नाही, अंदाज नाही, जवळजवळ सगळी पोरं. त्यामुळे तिथे कुणाला फार बनवाबनवी करता येत नाही.

पण उद्दिष्टं बघा. २००४ मध्ये ठरलं, ११ वर्षांखालच्या मुलांतली वाढ २०१० पर्यंत थांबवायची. तीन-चार वर्षांत नवीन उद्दिष्ट आलं, २०२० पर्यंत २००० सालच्या पातळीवर न्यायचं. २०१६ मध्ये तिसरं, दहा वर्षांत 'लक्षणीय' घट करायची. किती म्हणजे लक्षणीय, ते १३ पानांच्या त्या आराखड्यात शोधून सापडत नाही. २०१८ मध्ये चौथं, २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचं. तोपर्यंत काट्यावर काय चाललं होतं? १०-११ वर्षांची लठ्ठ मुलं २००६-०७ मध्ये १७.५ टक्के, २०१९-२० मध्ये २१. उद्दिष्टाची तारीख जवळ आली की उद्दिष्ट पुढे, आकडा वर.

मग कोविड. शाळा बंद, पोरं घरात. २०२०-२१ मध्ये हाच आकडा २५.५ वर गेला. पुढे मुलं बाहेर पडली आणि तो उतरत २०२३-२४ मध्ये २२.१ वर आला. आता समजा तुम्ही मंत्री आहात. सुरुवात कोणत्या वर्षापासून धराल? २०२०-२१ धरलं तर तीन वर्षांत जोरदार घट. २०१९-२० धरलं तर वाढ. एकाच तक्त्यातून दोन्ही भाषणं निघतात.

त्याच तक्त्यात आणखी एक ओळ आहे, ती भाषणात फारशी येत नाही. २०२३-२४ मध्ये याच वयाच्या, सगळ्यात गरीब वस्त्यांतल्या मुलांत लठ्ठपणा २९.२ टक्के. सगळ्यात सुखवस्तू भागांत १३. सरासरी थोडी खाली आणायची तर शिकलेल्या, सधन घरांतली मुलं पुरतात. सल्ला त्यांना लगेच पोचतो. दरी वाढली तरी सरासरी सुधारू शकते.

इंग्लंडमधली एक गोष्ट मात्र चालली असं मी म्हणेन. एप्रिल २०१८ पासून त्यांनी साखरेच्या पेयांवर कर लावला. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपासून पुढे एक दर, ८ ग्रॅमपासून पुढे जास्त. घोषणा दोन वर्षं आधी केली होती, म्हणजे कंपन्यांना साखर कमी करायला वेळ मिळाला, आणि त्यांनी ती केली. मुलांना काही सांगावं लागलं नाही, कुणाला मैदानात पळवावं लागलं नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हिशोब मांडला: कर नसता तर आकडा जिथे गेला असता त्याच्याशी तुलना केली, तर १०-११ वर्षांच्या मुलींत लठ्ठपणा सुमारे ८ टक्क्यांनी कमी, म्हणजे वर्षाला पाच हजारांवर मुली. मुलग्यांत फरक दिसला नाही, ४-५ वर्षांच्यांतही नाही. हा निकाल त्यांनी तसाच, अर्धामुर्धा छापला. म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसतो.

आता घराजवळ येऊ. खरं तर बीएमआय या मापावरचा सगळ्यात नेमका घाव आपल्या पुण्यातूनच बसलेला आहे.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांची आणि पुढे त्यांच्या मुलांची नोंद ठेवली. आजही तो अभ्यास जगात सांगितला जातो. २००३ मध्ये त्यांनी तिथल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना छापली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, त्यांचं ३.५. आपलं बाळ सगळीकडून लहान, हातापायाने काडी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. काट्यावर अशक्त, आत चरबी. मग पुढच्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

दोघंही तक्त्यात एकाच घरात. म्हणजे बीएमआयवर चालणाऱ्या कार्यक्रमात आपली कितीतरी मुलं 'ठीक' म्हणून सुटतील, जी पुढे तिशी-पस्तिशीत शुगरची गोळी घेतील. आपल्या आळीत अशी माणसं किती आहेत, बोटं मोजून बघा. यातली लहानपणी जाड किती होती?

आणि दुसरी बाजू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ५ वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मधल्या १.९ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ४.१ वर गेलं. दुप्पट झालं म्हणा, मथळा तयार. पण त्याच पाहणीत, त्याच राज्यात, उंचीच्या मानाने कृश मुलं २५.६ टक्के. आधीही २५.६, नंतरही २५.६. शंभरात चार जाड आणि पंचवीस खंगलेली, एकाच अंगणवाडीच्या सतरंजीवर.

म्हणून तेलाचं ऐकल्यावर मी शालेय पोषण आहाराचं प्रमाण बघितलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला तेल ५ ग्रॅम. त्याच्या १० टक्के म्हणजे अर्धा ग्रॅम. हा अर्धा ग्रॅम वाचवून कोणत्या मुलाचा लठ्ठपणा कमी होणार आणि खिचडीला फोडणी कशी बसणार, हे आमच्या शाळेतल्या स्वयंपाकीण ताईंना विचारलं पाहिजे. त्यांना बीएमआय माहीत नसेल, पण कोणतं पोर दुसऱ्यांदा ताट पुढे करतं आणि का करतं ते त्यांना माहीत असतं.

आता सगळ्यात मोठा खड्डा. ही राष्ट्रीय पाहणी मुलांना ५ वर्षांपर्यंत मोजते आणि मग थेट १५ पासून पुढच्यांना. मधली सगळी शाळा, पहिली ते नववी, तिच्यात नाही. त्या वयाची देशभर एकदा नीट मोजणी झाली, २०१६ ते १८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत. ५ ते ९ वयात जादा वजन साधारण ४ टक्के, १० ते १९ मध्ये ५. एकदाच. जिल्ह्याचा, तालुक्याचा आकडा त्यातून मिळत नाही. महाराष्ट्राने मे २०१७ मध्ये शाळांच्या कँटीनमध्ये जंक फूडला बंदी केली. २०२० मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आला, शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत तसले पदार्थ विकायचे नाहीत. या दोन्हींनी मुलांची वजनं काय झाली? आधीचा आकडा नाही, नंतरचा नाही. ५० मीटर तरी कुणी टेप लावून मोजले का, तुमच्या गावातल्या शाळेच्या दारात उभं राहून बघा.

आपल्याकडे आकडे अजिबातच नाहीत असं नाही, हे विशेष. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळांत येतात, उंची-वजन घेतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकातही उंची-वजनाचे दोन रकाने असतात. किती ठिकाणी ते खरंच मोजून भरतात आणि किती ठिकाणी मागच्या वर्षीच्या आकड्यात दोन मिळवून, हा वेगळा विषय. पण गेल्या पाच वर्षांची तीच वही एका तालुक्याने एकत्र करून ठेवली, तक्ता कोणता ते वर लिहिलं, आणि जाड-कृश दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवले, तरी 'इतके टक्के घट' म्हणणाऱ्याला आधीचं वर्ष दाखवता येईल.

म्हणून एक काम सांगतो. तुमच्या मुलाचं, पुतण्याचं, नातीचं प्रगतिपुस्तक काढा. उंची-वजनाचा रकाना बघा. गेल्या तीन वर्षांत कोणते आकडे आहेत, कुणी काट्यावर उभं केलं होतं का, ते पोरालाच विचारा. मुलाचं नाव आणि वजन लिहू नका, फक्त शाळा जिल्हा परिषदेची की खासगी, आणि मोजलं की नाही, एवढंच कमेंटमध्ये टाका. पन्नास-साठ उत्तरं जमली की मी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊन येतो.